माळ्यावरच्या ट्रंकेतली इंद्रजाल आणि अमर चित्र कथा: कंडिशन कशी ठरवायची, कशी विकायची

घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर माळा आवरायला काढला की एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळ, मँड्रेक, बहादूर यांचे आणि अमर चित्र कथांचे गठ्ठे निघतात. सर्वांत जास्त नुकसान पहिल्या दोन दिवसांत होतं. कुणी ओल्या फडक्याने मुखपृष्ठं पुसतं, कुणी फाटलेल्या पाठीला, म्हणजे पिना मारलेल्या घडीच्या कडेला, सेलोटेप लावतं, कुणी गठ्ठे कडक उन्हात टाकतं. हे काहीही करू नका. जुना कागद जसा आहे तसाच घेणाऱ्याला हवा असतो. वारस एकापेक्षा जास्त असतील तर विक्रीला सगळ्यांची संमती आहे ना, हेही याच दिवसांत विचारून घ्या.

ट्रंक कोरड्या, हवेशीर खोलीत उघडा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल किंवा क्रीम लावलेलं नको. अंक उचलताना वरचा कोपरा चिमटीत धरून ओढू नका, खाली तळहात घालून उचला. प्रत्येक अंकाची पाठ आणि पिना पाहा. पाठीशी चंदेरी, चपळ कसर दिसली किंवा पानांवर वरवर कुरतडल्यासारखे पॅच दिसले, तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. घरच्या डीप फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत दोन आठवडे ठेवला की कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाष्प थेट कागदावर धरतं. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही आणि घेणारा पहिल्या वासालाच भाव पाडतो. बुरशीचा कुबट वास येत असेल तर सावलीत, पंख्याखाली, अंक थोडे उघडे उभे करून चार-पाच दिवस ठेवा.

आता यादी. वहीत किंवा एक्सेलमध्ये मालिका, भाषा, क्रमांक, नाव, छापील किंमत, तारीख असल्यास ती आणि दोष असे रकाने करा. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे आले, आणि डिसेंबर १९७६ मध्ये बहादूर. इंग्रजी मालिकेचे क्रमांक ४४३ पर्यंत सलग आहेत. १९८३ पासून ‘वर्ष २०, अंक १’ अशी मोजणी सुरू झाली, त्यामुळे ४४४ शोधत बसू नका. १२३ आणि १२४ हे दोन क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. तुमच्या संचात ती जागा रिकामी असेल तर काही हरवलेलं नाही, आणि ते अंक विकायला काढणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

अमर चित्र कथेची गोष्ट जास्त किचकट आहे, कारण ती पुन्हा पुन्हा छापली गेली. अनंत पैंनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे ही मालिका सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, भारतीय कथा अकराव्या अंकापासून, ‘कृष्ण’. म्हणून मुखपृष्ठावर ११ आकडा असलेला ‘कृष्ण’ सापडला की लोक हरखून जातात. पण तोच क्रमांक पुनर्मुद्रणावरही आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘कृष्ण’ ५०१ झाला. पहिली छपाई ओळखायची असेल तर चार ठिकाणी बघा. एक, छापील किंमत. दोन, आतल्या किंवा मागच्या पानावरची उपलब्ध अंकांची यादी: तिच्यात तुमच्या अंकानंतर निघालेली नावं असतील तर प्रत पुनर्मुद्रणाची, वाद नाही. तीन, प्रकाशकाचा पत्ता: पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्याआधी ‘मुंबई २६’ एवढंच लिहायचे. पत्त्यात सहा आकडी पिन दिसला की प्रत त्यानंतरची. चार, रंग: सुरुवातीच्या अंकांत आत पिवळा, निळा, हिरवा एवढेच मर्यादित रंग वापरले आहेत, पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. यातल्या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका. आणि ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द खात्री असेल तरच लिहा.

ट्रंकेत चांदोबा किंवा किशोरही असेल. ते कॉमिक्स नव्हेत, त्यांचा ग्राहक वेगळा आहे. त्यांचा वेगळा गठ्ठा बांधा.

कंडिशन ठरवताना अमेरिकेतली दहाची पट्टी इथले संग्राहकही समजतात: ०.५ पुअर, १ फेअर, २ गुड, ४ व्हेरी गुड, ६ फाइन, ८ व्हेरी फाइन, ९.४ निअर मिंट. शब्दांनी फसू नका, ‘गुड’ म्हणजे चांगला नव्हे, भरपूर वापरलेला पण पूर्ण अंक. आपल्याकडचे साठ-सत्तरच्या दशकातले वाचलेले अंक बहुतेक २ ते ५ मध्येच बसतात. स्वतःच्या अंकाला ८ द्यावासा वाटला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

बघायचं कसं, ते एका अंकावर सांगतो. खिडकीशी बसा, अंक टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेड तिरका पडू द्या. समोरून न दिसणाऱ्या घड्या तिरक्या उजेडात उठून दिसतात. आधी पाठ: पिनांजवळ आडव्या बारीक रेषा असतात, रंग उडून पांढरा कागद दिसत असेल तर त्या मोजा. मग पिना: गंज फक्त तारेवर आहे की त्याचा तपकिरी डाग कागदात उतरला आहे? डाग उतरला असेल तर तिथला कागद कमकुवत झालेला असतो आणि पुढच्या दोन-चार वेळा उघडल्यावर मुखपृष्ठ पिनेतून सुटतं. गंजकी पीन स्वतः काढू नका. त्यानंतर मुखपृष्ठाचे चार कोपरे, मग मलपृष्ठ. मलपृष्ठ सगळे विसरतात आणि घेणारा तेच आधी विचारतो.

आता पानं मोजा, आणि हे प्रत्येक अंकाला करा. अंक मधोमध पिना मारलेला आहे, म्हणजे आतल्या एका जोडपानाची चार पृष्ठं होतात. मुखपृष्ठ सोडून पृष्ठांच्या संख्येला चारने भाग गेला नाही, तर एक पान फाटून गेलं आहे आणि त्याचा जोडीदार सुटा लोंबत असेल. भाग गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. मधलं जोडपान पूर्णच गळलं असेल तर हिशोब बरोबर येतो आणि गोष्ट मात्र मध्येच तुटते. म्हणून अंक मधोमध उघडून तिथली गोष्ट सलग लागते का ते वाचा. नुकसान सर्वांत जास्त याच जागी होतं. पान गहाळ असेल तर बाकी अंक कितीही कोरा असो, ०.५ च्या वर जात नाही.

ग्रेड, म्हणजे त्या पट्टीवरचा आकडा, सगळ्या चांगल्या गोष्टींच्या बेरजेने ठरत नाही, सर्वांत मोठ्या दोषाने ठरतो. मधलं पान सुटलेलं असेल तर सहसा ४ च्या वर जाऊ नका. दोन्ही पिनांतून मुखपृष्ठ सुटलं असेल तर २ च्या आसपास. कुपन कापलेलं असेल तर १. कोडी पेनने सोडवलेली, पहिल्या पानावर नाव किंवा वाचनालयाचा शिक्का: हे दोष आहेत, पण अंक बाद करत नाहीत. रबर घासून नाव पुसू नका, कागदाचा वरचा थर निघतो आणि ते तिरक्या उजेडात लगेच दिसतं.

बाइंडिंग केलेले गठ्ठे आपल्याकडे फार मिळतात. घरोघर वीस-पंचवीस अंक एकत्र शिवून घ्यायची पद्धत होती. बाइंडरने कडा कापून सारख्या केलेल्या असतात, पाठीला भोकं पाडून सरस लावलेला असतो. असा खंड सोडवून अंक सुटे करायला जाऊ नका, पाठी फाटतात. आहे तसा खंड म्हणून विका. पूर्ण संच एकत्र हवा असणारे वाचक तो आवडीने घेतात.

ग्रेड लागला की प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या स्वच्छ पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. जाड, मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी शाई ओढून घेते. साधा तपकिरी पुठ्ठा स्वतः पिवळा पडतो आणि कागदालाही पाडतो. उभे ठेवा, घट्ट कोंबू नका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर महिन्याला बदला.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती पाहू नका. कुणीही कितीही मागू शकतं. ईबेवर ‘विकलेले’ हा फिल्टर लावून त्याच मालिकेचा, त्याच भाषेचा, साधारण त्याच कंडिशनचा अंक खरोखर किती पैशांना गेला ते पाहा. फेसबुकवरच्या संग्राहकांच्या गटांत जुने व्यवहार शोधा. मराठी अंकाला इंग्रजीचा भाव डोळे मिटून लावू नका, त्याचे ग्राहक वेगळे आहेत. किमान तीन व्यवहार सापडेपर्यंत आकडा ठरवू नका. सापडत नसतील तर किमान बोली लावून लिलावात ठेवणं बरं.

मग तीन ढीग करा. इंद्रजालचे पहिले पन्नास, बहादूरचा पहिला अंक, अमर चित्र कथेचे खात्रीचे पहिले छाप आणि ६ च्या वरचे अंक एकेकटे विका. सलग क्रमांकांचे मध्यम अंक दहा-वीसच्या संचात द्या. फाटके, पान गहाळ असलेले अंक एका गठ्ठ्यात, तसं स्पष्ट लिहून. संच फोडून चांगले अंक आधी गेले की उरलेला गठ्ठा कुणी उचलत नाही, म्हणून ढीग विक्रीआधीच ठरवा. फूटपाथवरच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला स्वतःचा नफा सोडता येत नाही. तो लगेच रोख देतो, पण भाव कमीच मिळणार हे धरून चाला.

जाहिरातीत प्रत्येक महत्त्वाच्या अंकाचे सहा फोटो द्या: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पाठ, पहिलं पान, मधलं जोडपान पिनांसकट, आणि सर्वांत वाईट दोष जवळून. फिल्टर नको, फ्लॅश नको. ‘पृष्ठं पूर्ण, मोजली आहेत’ हे वाक्य लिहा. स्कॅन करून पीडीएफ विकण्याच्या भानगडीत पडू नका, तो हक्क कॉपीराइट ज्याचा आहे त्याचा. पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला कुणी सांगितलं तर तो व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पाठवताना पिशवीतला अंक अंकापेक्षा सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर मोठ्या अशा दोन नालीदार पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल वाकत नाही. चिकटपट्टी पिशवीच्या झाकणावर उघडी राहू देऊ नका, बाहेर काढताना अंक तिलाच चिकटून फाटतो. वरून प्लास्टिक गुंडाळा. स्पीड पोस्टने, महागडा अंक असेल तर विमा उतरवून पाठवा. पॅक करण्याआधीचे फोटो घेणाऱ्याचा ‘मिळालं’ असा निरोप येईपर्यंत डिलीट करू नका.