घोट्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय? घरी आल्यावर या चुका टाळा

सर्जन लिगामेंट, म्हणजे घोट्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, शिवून मोकळे होतात, पण तो घोटा टिकणार का पुन्हा मुरगळणार हे पुढच्या तीन-चार महिन्यांत घरात काय चालतं त्यावर असतं. मी फिजिओ आहे, मालवण-कुडाळ भागात पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. वाडी बदलते, चुका त्याच.

"आता दुखना नाय" म्हणून चालायला लागणं

ही सगळ्यात महागात पडणारी. दोन-तीन आठवड्यांत टाके निघतात, ठणका थांबतो आणि माणसाला वाटतं झालं काम. अहो, दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट जोडलं गेलं असं नाही, त्या वेळी ते नुसतं आतल्या दोऱ्यावर धरलेलं असतं, नीट धरायला साधारण सहा आठवडे जातात आणि पूर्ण ताकद यायला कित्येक महिने.

एक कबड्डीवाला पोरगा होता, चवथीच्या थोडं आधी ऑपरेशन झालेलं. प्लास्टर काढून घोटा धरून ठेवणारा बूट दिला होता, वजन टाकायचं नाही म्हणून निक्षून सांगितलं होतं. चवथीला वाडीतल्या घरोघरी आरत्या, हा घरात बसतोय होय! बरं, बूट घालून देवासमोर कसं जायचं म्हणून बूट काढून पडवीत ठेवला, कुबड्या पण तिथेच, आणि मित्राच्या खांद्यावर हात टाकून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, उतरायला लागला. पाखाडीच्या दगडांवर त्या दिवसांत शेवाळ असतंच, पाय आत वळला, ज्या बाजूला वळायला नको नेमका त्याच बाजूला. परत प्लास्टर, परत कुबड्या, सगळं पहिल्यापासून आणि कबड्डीचा सीझन गेला. मला वर म्हणतो, "डॉक्टरांनू, खरंच दुखत नव्हता हो."

मी काय सांगते, बुटाचा तळ ओल्या फडक्याने पुसा, वरून धुतलेली पिशवी चढवा आणि खुर्चीत बसून आरती म्हणा. गणपतीची काही तक्रार नसते, तक्रार आत्याची आणि काकूची असते. आणि बाकीच्या घरांच्या आरत्या पुढच्या वर्षी.

पाय "वर" ठेवणं

"पाय वर ठेवता ना?" "हो तर, दिवसभर." जाऊन बघावं तर पेशंट झोपाळ्यावर, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर आणि चांगल्या पायाने झोका चाललाय. याला पाय वर म्हणत नाहीत. घोटा छातीपेक्षा उंच पाहिजे, म्हणजे आडवंच व्हायला लागतं. मी दोन वाकळी घड्या करून पोटरीखाली देते, टाच मोकळी राहील अशा, नाहीतर टाचेवर दाब येऊन जखम होते. पहिले दोन आठवडे बहुतेक वेळ असंच पडून राहायचं. कंटाळा येतो, मान्य आहे, पण संध्याकाळी सुजलेली बोटं दाखवायला फोन करू नका. बोटं मात्र हलवत राहा.

कुबड्या काखेत रुतवणं

वजन तळहातांवर, काख आणि कुबडी यात दोन बोटांची जागा. खालची रबरी बुचं झिजली की लगेच बदला, ओल्या फरशीवर तीच वाचवतात. पायऱ्यांना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. अंगणात पावसात जायचंच नाही.

प्लास्टरमध्ये खराट्याचा हीर घालून खाजवणं

नको म्हणजे नको. आत जखम झाली तर दिसणार पण नाही. आंघोळीला स्टुलावर बसून प्लास्टरचा पाय पाण्याबाहेर ठेवा. प्लास्टर आतून भिजलं तर पंख्याखाली वाळवत न बसता डॉक्टरांकडे जा.

बर्फ थेट कातडीवर

मासळीवाल्याकडून आणलेला असो नाहीतर फ्रीजमधला, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, बास.

आजीचं तेल आणि पोटरी चेपणं

टाक्यांवर तेल नाही, पाला नाही, हाडवैद्य तर अजिबात नाही. पोटरी कोणाकडून चेपून घेऊ नका. पोटरी दुखतेय, सुजलीय, गरम लागतेय तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ गाडी काढून हॉस्पिटल. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा जखमेतून घाण यायला लागली तरी "सकाळी बघू" करू नका.

मोबाईलवर बघून व्यायाम

यावर माझं डोकं फिरतं. कोणीतरी घोटा गोल गोल फिरवतोय म्हणून तुम्ही पण फिरवायचा, पण तळवा आतल्या बाजूला वळवला की नेमकं बाहेरच्या बाजूचं शिवलेलंच लिगामेंट ताणलं जातं, सुरुवातीला ती दिशा बंदच. याउलट एका पायावर तोल धरायचा व्यायाम, जो खरोखर पुढची मुरगळ वाचवतो, तो कोणी करत नाही कारण त्यात दिसायला काही नाही. वजन टाकायची परवानगी मिळाली आणि फिजिओने हो म्हटलं की माझे पेशंट हा व्यायाम दात घासताना करतात, एक हात बेसिनवर.

आणि उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर बूट सुटून जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडीची चावी दुसऱ्याकडे. स्कूटर डाव्या पायाला पण नाही, खड्ड्यात तोल गेला की टेकवायला तोच पाय पुढे येतो.