पिकअपचा रेडिएटर होज बदलायला घेण्याआधी: तयारीची यादी

होज म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप. तो बदलणं तसं तासा-दीड तासाचं काम. ते दिवसभर रेंगाळतं ते सामान अर्धवट आणल्यामुळे: रेडिएटर रिकामा झालेला, जुना पाइप कापून टाकलेला आणि नवा पाइप पाच मिलिमीटरने बारीक निघालेला. खालची यादी बोलेरो पिकअप, योद्धा अशा अडीच लिटरच्या आसपासच्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी गळती होजचीच आहे ना, ते पाहा. इंजिन थंड असताना टॉर्च मारून बघा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) वाळलं की पांढुरकी, हिरवट किंवा गुलाबी खपली धरतं. थेंब जिथे पडतो तिथेच गळतं असं मानू नका. पंख्याची हवा ओघळ मागे ढकलते, म्हणून ओलीचा सगळ्यात वरचा ठिपका शोधा. वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलंय, होज बदलून काही होणार नाही. रात्रभर थेंब थेंब आणि इंजिन तापलं की गळती बंद, असं असेल तर संशय क्लिपवर (होज आवळून धरणाऱ्या पट्टीवर) किंवा ताठ झालेल्या टोकावर घ्या. होज दाबून पाहताना मधल्या भागापेक्षा क्लिपजवळच्या दोन इंचांवर भर द्या. रबर आतून आधी तिथेच चिरतं. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो आणि बोटांना मात्र आत फट लागते. पाइप फुगून स्पंजासारखा लागत असेल तर त्यावर कुठून तरी ऑइल किंवा डिझेल ठिबकतंय. ते आधी बंद करा, नाहीतर नवाही तसाच सडेल.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचं) बघा. अशा गाडीत नवा होज म्हणजे पैसे पाण्यात.

आता पार्ट. होज गाडीचं मॉडेल, साल आणि चॅसिस नंबर सांगूनच घ्या. हे पाइप साच्यात वळवलेले असतात. मीटरवर मिळणारा सरळ पाइप वाकवून बसवला की वळणावर चिमटतो आणि गाडी घाटात तापते. खालच्या होजच्या आत स्प्रिंग असेल तर नव्यातही ती हवी, कारण पंप त्या बाजूने पाणी ओढतो आणि स्प्रिंग नसली की पाइप आत चेपू शकतो. वरचा आणि खालचा एकाच वयाचे असतील तर दोन्ही बदला, कूलंट तसंही काढायचंच आहे. प्रत्येक होजला दोन याप्रमाणे स्टेनलेस क्लिपा आणि वर एक जास्तीची घ्या. रेडिएटर कॅपचं रबर बघा आणि नवी घेतलीत तर जुनीवर छापलेला दाबाचा आकडा जुळवूनच घ्या. ड्रेन प्लगची (कूलंट काढायच्या बुचाची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चिल्लर वस्तू आहे, पण नेमकी तीच राहून जाते.

कूलंट भरपूर आणा. या गाड्यांत साधारण ६ ते १० लिटर बसतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. रेडी-मिक्स (तयार मिश्रण) असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट (घट्ट कूलंट) असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत टाकायचं पाणी चालतं, पण कॅन पाण्याचाच आहे ना हे वाचून घ्या, अॅसिडचे कॅनही त्याच फळीवर असतात. बोअरचं पाणी नकोच, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि कॅपच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. कांदा भरून घाट चढताना हाच फरक कामी येतो. रंग जुळला म्हणजे कूलंट जुळलं असं नाही, तेव्हा जातीची खात्री नसेल तर जुनं सगळं काढा.

हत्यारांत ७ आणि ८ मिलिमीटरचे सॉकेट, पक्कड, धारदार ब्लेड, बारीक पॉलिश पेपर, नरसाळं, हातमोजे, चष्मा आणि पसरट घमेलं एवढं पुरतं. जुनं कूलंट भरून ठेवायला झाकणाचा कॅन हवाच. त्यातलं एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात, लहान मुलंही. गटारात ओतू नका.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम इंजिनवर कॅप उघडली की दाबाखालचं पाणी थेट तोंडावर येतं. जागा सपाट किंवा नाक जरा वर राहील अशी निवडा, चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, तो चावी बंद असतानाही फिरू शकतो.

पाइप चिकटलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असते आणि तिचं नळकांडं (ज्यावर होज चढतो ते तोंड) तुटलं की खर्च अख्ख्या रेडिएटरवर जातो. जुना पाइप लांबीत चिरा, पण ब्लेड नळकांड्यावर ओढू नका. तिथला ओरखडा नव्या होजखालूनही गळतो. धातूचं नळकांडं पॉलिश पेपरने घासा, प्लॅस्टिकचं नुसत्या फडक्याने पुसा. क्लिपा आधी होजवर ओवून घ्या. पाइप सरकायला आतून कूलंट लावा. ग्रीस आणि ऑइल रबराला मारक आणि सिलिकॉनचा थर निरुपयोगी. क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या पलीकडे, इंजिन किंवा रेडिएटरच्या बाजूला बसली पाहिजे आणि तिचा स्क्रू हात पोचेल अशा बाजूला. रबर पट्टीच्या खाचांतून वर येईपर्यंत आवळू नका.

भरताना केबिनला हीटर असेल तर तो गरमवर ठेवा, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही निघते. कूलंट सावकाश ओता. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर पाणी बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग कॅप न लावता इंजिन आयडलवर चालवा, नवा पाइप अधूनमधून दाबा आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा. वरचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला. आता पातळी पूर्ण करून कॅप लावा. इथली घाई सगळ्यात महाग पडते: आत हवा अडकली की सेन्सरला पाणी लागत नाही, काटा नॉर्मल दाखवत राहतो आणि तिकडे हेड तापून वाकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा आणि क्लिपांना पाऊण-एक फेरा लागतोय का ते तपासा, कारण नवं रबर पहिल्या तापण्यानंतर दबतं. पहिला आठवडा गाडीत लिटरभर तयार मिश्रण आणि क्लिपचा पाना राहू द्या. सायकलच्या ट्यूबची एक लांब पट्टीही टाका. वाटेत पाइप चिरला तर इंजिन थंड करून ती ताणून आवळली आणि कॅप सैल ठेवली की पुढच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं.