विनावेतन रजा, घटलेले तास आणि करार : वैमानिकांनो, या चुका टाळा

विमान कंपनीचे गणित बिघडू लागले की वैमानिकाच्या ईमेलमध्ये तीनपैकी एखादे पत्र येऊन पडते. काही महिने विनावेतन रजेवर जावे, हमीचे उड्डाणतास, म्हणजे ज्यांचे पैसे दरमहा मिळणारच असे तास, कमी करण्यास संमती द्यावी, किंवा गरजेपेक्षा जास्त असलेल्या वैमानिकांना फर्लोवर पाठवले जाईल, म्हणजे नोकरी न तोडता पण पगारही न देता घरी बसवले जाईल, असे त्यात लिहिलेले असते. गोव्यातल्या वैमानिकांना कमी कामाचे महिने नवे नाहीत. पावसाळ्यात परदेशी चार्टर विमाने थांबतात, देशांतर्गत फेऱ्याही विरळ होतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक सुरू झाले की दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर पुन्हा गजबज होते. या सवयीमुळेच अशा पत्राकडे ‘चार महिने काढू, मग सगळे सुरळीत होईल’ अशा नजरेने पाहिले जाते. हंगामी मंदीत तुमचा करार जागच्या जागी राहतो. कंपनी अडचणीत आली की कराराच्या अटींना हात लागतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच सहीने लागतो.

मी एका वैमानिक संघटनेच्या तक्रार समितीत बरीच वर्षे काम केले आणि आता फोंड्यात राहतो. २०२० मध्ये २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती, तेव्हापासून पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मुले-मुली आपापले कागद घेऊन माझ्याकडे येत राहिली आहेत. चेकलिस्ट ओळीने वाचल्याशिवाय इंजिन सुरू न करणारी ही माणसे स्वतःच्या पोटापाण्याचा कागद मात्र थेट सहीच्या पानावर उघडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्वेच्छेच्या रजेला फोनवरून होकार

ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे आणि तिची किंमतही सर्वांत मोठी असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. डिचोलीकडच्या एका तरुण सहवैमानिकाला त्याच्या कंपनीचे पत्र आले. सहा महिन्यांची ऐच्छिक विनावेतन रजा घेऊ इच्छिणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ईमेलला उत्तर म्हणून ‘अ‍ॅग्रीड’ एवढेच लिहून पाठवावे, असे त्यात होते. तो त्या वेळी आईसोबत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात होता. कंपनीला मदत केली तर पुढे आपली आठवण ठेवली जाईल, अशा चांगल्या भावनेने त्याने तिथूनच उत्तर पाठवले.

सहा महिने संपल्यावर बोलावणे आले नाही, तेव्हा तो माझ्याकडे आला. ‘काका, पत्रात सहा महिने स्पष्ट लिहिलं होतं,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरेच लिहिलेले होते. त्याच परिच्छेदाच्या शेवटी ‘पुनरागमन कामकाजाच्या गरजेनुसार राहील’ असेही लिहिलेले होते, आणि या दोन वाक्यांपैकी बंधनकारक ठरले ते दुसरे. मग आम्ही संघटनेने सर्व वैमानिकांच्या वतीने कंपनीशी केलेला करार उघडला. सक्तीच्या विनावेतन रजेवर पाठवलेल्यांना सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने परत बोलावण्याचे कलम त्यात होते. ते कलम कंपनीने स्वतःहून घरी बसवलेल्या वैमानिकांसाठी होते. वैमानिकाने स्वतःच्या विनंतीवरून घेतलेली रजा वेगळ्या प्रकरणात होती आणि तिथे परत बोलावण्याच्या क्रमाचा उल्लेखही नव्हता. परिणाम असा झाला की ज्यांनी उत्तरच पाठवले नाही आणि ज्यांना सक्तीने घरी बसवले गेले, ते त्याच्याहून कनिष्ठ असूनही त्याच्याआधी कामावर परतले. त्याने तक्रार केली, पण अर्ज तुमचाच होता, असे उत्तर मिळाले, आणि कागदावर ते बरोबर होते.

त्याच्या अडचणी एवढ्यावर संपल्या नाहीत. टाइप रेटिंगच्या, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेच्या, प्रशिक्षणासाठी त्याने कंपनीला बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी, लिहून दिला होता आणि त्यात प्रत्यक्ष सेवेचा काळच मोजला जाणार होता, त्यामुळे रजेचा काळ बाँडमधून वजा न होता बाँड तेवढाच पुढे सरकला. दर सहा महिन्यांची प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे उड्डाणकौशल्याची चाचणी, चुकली. मागच्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हा निकषही अर्थातच राहिला नाही. सिम्युलेटरचा खर्च कोणी करायचा, यावर पत्रात एक अक्षर नव्हते. घरी बसलेल्या वैमानिकाची पात्रता आपोआप शाबूत राहत नाही, आणि ती परत मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची हे रजेवर जाण्यापूर्वी ठरले नसेल, तर नंतर ती तुमच्याच गळ्यात येते.

माझी स्वतःची पद्धत जुनी आहे आणि तरुणांना ती संथ वाटते. असे पत्र मी आधी छापून घेतो, कारण फोनच्या पडद्यावर शेवटचे वाक्य हमखास निसटते. मग समासात चार गोष्टी लिहितो: ही रजा कराराच्या कोणत्या कलमाखाली आहे, ती कोणत्या तारखेला संपते, परत बोलावण्याचा क्रम कोणता, आणि या काळात बाँड, विमा व पात्रता यांचे काय होणार. चारांपैकी एकाचे जरी उत्तर पत्रात सापडले नाही, तरी होकार पाठवायचा नाही. आधी तो प्रश्न लेखी विचारायचा आणि त्याची प्रत संघटनेला पाठवायची. मुदत फारच थोडी असेल आणि होकार देणे भागच असेल, तर ‘करारातील माझे सर्व हक्क राखून’ हे शब्द घातल्याशिवाय एकही ओळ पाठवू नये. घाईत दिलेला होकार नंतर सविस्तर खुलासा करून मागे घेता येईल, असे अनेकांना वाटते. तसे सहसा होत नाही.

हमीचे तास व्याख्येत न पाहणे

‘आमच्या करारात सत्तर तासांची हमी आहे, म्हणजे विमान उडो न उडो सत्तर तासांचे पैसे मिळणार,’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. हमी जवळपास नेहमी पूर्ण उपलब्ध महिन्यासाठी असते आणि विनावेतन रजेचे दिवस तिच्यातून प्रमाणात वजा होतात. तीस दिवसांच्या महिन्यात बारा दिवस विनावेतन रजा झाली, तर उपलब्ध दिवस अठरा उरतात आणि सत्तरचे अठरा तिसांश म्हणजे बेचाळीस तास ही त्या महिन्याची हमी ठरते. त्या महिन्यात तुम्ही पंचेचाळीस तास उडालात, तर पंचेचाळीस तासांचे पैसे मिळतील, आणि उरलेल्या पंचवीस तासांसाठी लेखा विभागाशी भांडून काही उपयोग होणार नाही.

खरी मेख याच्या पुढे आहे. हमी सत्तरवरून चाळीसवर आणणारे पूरक पत्र, म्हणजे मूळ करारात बदल करणारे जोडपत्र, आले की सगळ्यांचे लक्ष चाळीस या आकड्यावर खिळते, आणि जादा तासांचा वाढीव दर कितव्या तासापासून सुरू होतो हे कोणी पाहत नाही. ती सीमा सत्तरवरच राहिली असेल, तर चाळीस ते सत्तर या पट्ट्यात कंपनीला तुम्हाला साध्या दराने हवे तेवढे उडवता येते आणि काम नसेल तेव्हा पैसे न देता घरीही ठेवता येते. संघटनेच्या प्रतिनिधींनी वाटाघाटीत हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मांडायला हवा, असे माझे ठाम मत आहे. वैमानिकानेही व्याख्यांचे प्रकरण सर्वांत आधी वाचावे: तास म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉक तास (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचे) की क्रेडिट तास (पगारासाठी धरलेले), प्रवासी म्हणून केलेला कामाचा प्रवास त्यात धरला जातो का, आणि स्टँडबायचे, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत तयार राहण्याचे, किती तास मोजले जातात. व्याख्या वाचायला कंटाळवाण्या असतात, हे मान्य. पगारपत्रक मात्र त्यांच्यावरूनच तयार होते.

अमेरिकेतल्या करारांचे फोटो दाखवणे

अमेरिकेत फर्लो उलट्या ज्येष्ठतेने, म्हणजे सर्वांत कनिष्ठापासून, होतो आणि परत बोलावणे ज्येष्ठतेने होते, हे खरे आहे; पण ते तिथल्या संघटनांनी करारात मिळवलेले आहे. तिथे १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे आणि त्याखाली कराराची मुदत संपली तरी नवा होईपर्यंत जुन्या अटी चालू राहतात. तिथला फोटो काढून इथल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला पाठवल्याने काही साध्य होत नाही. शिकण्यासारखे आहे ते वेगळेच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी हमीच्या तासांत पाच टक्के कपात मान्य केली आणि त्याच्या बदल्यात १ जानेवारी २०२२ पर्यंत फर्लो होणार नाही, असे लेखी घेतले. काय दिले, काय मिळाले आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही त्यात आहे. आपल्याकडच्या अनेक पूरक पत्रांत पहिलेच तेवढे असते. अमिरातीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी तर संघटनेच्या कराराचा विचारच सोडावा, कारण तिथे कामगार संघटनांना परवानगी नाही आणि व्यक्तिगत करारपत्र हाच त्यांचा एकमेव आधार आहे.

पूरक पत्रावर अंतिम तारीख नसेल, तर सही करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कराराचा सारांश करार समजू नये, मग तो कोणत्याही ज्येष्ठ कॅप्टनने लिहिलेला असो. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की हरकतीच्या मुदतीत आपले नाव, रुजू होण्याची तारीख आणि क्रमांक तपासावेत, कारण तक्रारीची मुदत उलटली की खरी तक्रारही निकामी होते. रजेच्या काळातही वर्ग एकची वैद्यकीय तपासणी वेळेवर करून घ्यावी. गट विमा आणि परवाना गमावल्यास मिळणारा विमा, या दोन्हींचे हप्ते रजेत कोण भरणार हे लेखी घ्यावे. माझ्या माहितीतल्या एका घराला हप्ता थकल्याचे दवाखान्याच्या काउंटरवर कळले.

रागाच्या भरात राजीनामा देणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या सुधारित नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटीसच्या काळात कंपनीने पगार कमी केला किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या केल्या, तर लवकर मुक्त करण्याची विनंती करता येते. म्हणून त्या काळातली प्रत्येक पगारपावती जपून ठेवावी. दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर हाती पडले की नोटीस न देता निघून जाणारे उतावळे लोक आपल्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांचीही वाटाघाटीतली बाजू कमकुवत करतात, आणि हे मला मुळीच पटत नाही.

चुकीच्या कार्यालयात जाणे

गोव्यात ही चूक इतक्या वेळा होते की तिचा उल्लेख करावाच लागतो. तंटा झाला की माणसे पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात राज्य सरकारच्या कामगार आयुक्तांकडे जातात. हवाई वाहतूक सेवेच्या औद्योगिक तंट्यांत मात्र केंद्र सरकार हे समुचित शासन, म्हणजे कायद्याने अधिकार असलेले सरकार, आहे, म्हणून केंद्रीय कामगार यंत्रणेकडे, म्हणजे वास्कोच्या सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जावे लागते. चुकीच्या ठिकाणी अर्ज देऊन गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

तिथे जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. वेतन, कामाचे तास, रजा अशा शर्ती बदलण्याआधी मालकाने एकवीस दिवसांची सूचना द्यावी, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. समझोत्यानुसार केलेल्या बदलाला ती लागत नाही. म्हणजे संघटनेने पूरक पत्रावर सही केली असेल, तर सूचना मिळाली नाही ही तक्रार टिकणे कठीण, आणि केली नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. वैमानिक कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असा आक्षेप कंपनी बहुधा घेतेच; त्यासाठी तुम्ही प्रत्यक्षात विमान चालवण्याचेच काम करता, व्यवस्थापनाचे नाही, हे दाखवणारे रोस्टर आणि नेमणूकपत्र सोबत असावे.

कंपनीच बंद पडली, तर हा सगळा मार्ग बदलतो. गो फर्स्ट या कंपनीची विमाने ३ मे २०२३ पासून थांबली, तेव्हा आमच्या भागातल्या काही जणांनी थकीत पगारासाठी मनुष्यबळ विभागालाच ईमेल पाठवण्यात दिवस घालवले. दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली की कर्मचाऱ्याने आपला दावा ‘नमुना डी’मध्ये पुराव्यांसह रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यक्तीकडे, द्यायचा असतो, आणि अनेकांच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी देणार असेल तर ‘नमुना ई’मध्ये. वाटपाच्या क्रमात कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या, म्हणजे तारण घेऊन कर्ज दिलेल्यांच्या, बरोबरीने येतात, तर इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची त्यांच्यानंतर. म्हणून आपण कोणत्या गटात मोडतो हे दावा भरतानाच विचारून घ्यावे. दाव्यासोबत मूळ करार, प्रत्येक पूरक पत्र, कपातीपूर्वीची आणि नंतरची पगारपावती आणि लॉगबुकच्या संबंधित पानांच्या प्रती जोडाव्यात, आणि कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी त्यातली सगळी पत्रे स्वतःच्या खात्यावर काढून ठेवावीत.