प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री आत्मपरीक्षण कसे करावे

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीने (चर्चने) एकत्र भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी. त्याआधी शनिवारी रात्री अर्धा तास मोकळा ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, जवळ पवित्र शास्त्र आणि एक कोरा कागद. सुरुवात स्वतःच्या आठवणीपासून करू नका, स्तोत्र 139 मधील 23 व 24 ही वचने प्रार्थना म्हणून म्हणा. मन शोधणारा देव आहे; आपण स्वतःला फार लवकर माफ करतो, नाहीतर उगाच छळतो.

मग निर्गम 20 मधील दहा आज्ञा एकेक करून वाचा. ‘खून केला नाही’ म्हणून पुढे सरकू नका. मत्तय 5:22 मध्ये येशू रागालाही तिथेच आणतो. कागदावर नेमके लिहा. ‘मी पापी आहे’ एवढ्याने काहीच उघडे पडत नाही. ‘मंगळवारी भावाशी खोटे बोललो’ याने पडते.

करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही उपाशी राहत आणि काही पिऊन मस्त होत, म्हणून प्रेषित पौलाने तिला लिहिलेल्या पत्रात ही आत्मपरीक्षा सांगितली. तेव्हा मंडळीतल्या गरिबाशी आपण कसे वागतो, हेही विचारा. कोणाशी बिनसले असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी समेट, सकाळी फोन करून का होईना. घेतलेले पैसे परत करायचे असतील तर तारीख ठरवा.

शेवटी 1 योहान 1:9 वाचून कबुली द्या आणि कागद फाडून टाका. अपात्र वाटते म्हणून प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहणे ही नेहमीची चूक: 1 करिंथ 11:28 परीक्षा करून भाकर खायला सांगते.