आराखडा कच्चाच असू द्या, पण या चुका टाळा

गुढीपाडव्याला ठरवलं, यंदा पळायला सुरुवात करायची. मग मे महिन्याचा उकाडा, जूनचा पाऊस. गणपती झाले की नक्की, म्हणेपर्यंत नवरात्र आणि पाठोपाठ फराळाचे डबे. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनवाले पेडर रोडचा चढ चढत होते आणि मी टीव्हीसमोर चहात बिस्किट बुडवत होतो. माझ्याकडे वर्षभराचा रंगीत तक्ता मात्र तयार होता. आठवड्यागणिक किलोमीटर, आहार, बुटांच्या किमती. पळालो एकदाही नव्हतो.

पुढच्या वर्षी 'आराखडा कच्चा असला तरी चालेल, आधी सुरुवात करा' हा सल्ला मानला आणि तक्ता न करताच शिवाजी पार्कला गेलो. कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची, त्यातली निम्मी चाललो. तिथून पुढे जे जे बिघडलं आणि जे दुरुस्त झालं, ते हे असं.

तयारीलाच सुरुवात समजणं

ओळखायची खूण सोपी आहे. गेल्या ७ दिवसांत तुमच्या कामातलं काही घराबाहेर पडलं का? आमच्या शेजारच्या वहिनी डबे सुरू करणार होत्या. सहा महिने नाव, मेन्यूकार्ड आणि डबे स्टीलचे की प्लास्टिकचे यातच गेले. शेवटी बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलांना ४ डबे दिले. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, "काकू, खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात." गरम पोळ्या लगेच बंद केल्या की वाफ धरते. वहिनी आता तव्यावरून उतरलेली पोळी आधी जाळीवर निवू देतात. मेन्यूकार्डावर आणखी सहा महिने घालवले असते तरी हे कळलं नसतं.

रोज उठून आराखडा बदलणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. कच्चा आराखडा म्हटलं की हात शिवशिवतात. सोमवारी एक व्हिडिओ पाहिला, मंगळवारी वेळ बदलली. बुधवारी ऑफिसात कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळचं पळणं संध्याकाळवर गेलं. महिन्याभरात चार आराखडे झाले आणि एकाचाही निकाल हाती नाही.

यावरचं उत्तर आपल्या लोकलकडे आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती वाफेच्या इंजिनावर, जेमतेम ३४ किलोमीटर. विजेची गाडी आली ३ फेब्रुवारी १९२५ ला, तीही फक्त कुर्ल्यापर्यंत. डीसी करंट जाऊन सगळीकडे एसी करंट यायला २०१६ उजाडलं. एवढी दुरुस्ती गाड्या चालू ठेवूनच झाली. आजही मोठी कामं बहुधा रविवारी, चार-पाच तासांच्या मेगाब्लॉकमध्ये, म्हणजे तेवढ्यापुरता एखादा मार्ग बंद ठेवून उरकतात. (पश्चिम रेल्वेवाले त्याला जम्बोब्लॉक म्हणतात. शिव्या आपण दोन्हीला सारख्याच घालतो.) सोमवारी सकाळी गाडी पुन्हा रुळावर.

मीही तेच केलं. सोमवार ते शनिवार आराखड्याला हात लावायचा नाही, कितीही वेडावाकडा वाटला तरी. सुचलेलं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. रविवारी दुपारी ते पान उघडायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल करायचा. मंगळवारी अगदी तातडीच्या वाटलेल्या निम्म्या गोष्टी रविवारी वाचताना हसू येतं.

एकच का, तेही सांगतो. एकदा मी एकाच आठवड्यात नवे बूट घेतले, अंतर वाढवलं आणि पहाटे पळायला लागलो. नडगी दुखायला लागली. आता दोष कुणाचा? तिन्ही गोष्टी मागे घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

बुडालेला दिवस भरून काढणं

जुलैत पाणी तुंबलं, गाड्या रखडल्या, दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी तिप्पट पळायला जाऊ नका. बुडालं ते बुडालं. त्यापेक्षा पावसाळी पर्याय आधीच ठरवून ठेवा. माझा आहे बिल्डिंगचे जिने, १० मिनिटं. लिफ्टमधून जाणारे विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

सगळंच कच्चं ठेवणं

'आधी सुरुवात करा' हा सल्ला उत्साहात कुठेही लावला जातो, आणि तो घात करतो. घरून डबे विकायचे असतील तर धंदा कितीही छोटा असो, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वहिनींचे चाराचे दहा डबे व्हायला लागले तेव्हा मेन्यू अजून कच्चा होता, पण हे काम त्यांनी आधी पक्कं केलं. पळताना छातीत दुखलं तर रविवारची वाट बघायची नसते, तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कसाही सुरू करा, फॉर्मची शेवटची तारीख मात्र भिंतीवर लिहा. मॅरेथॉनचंही तसंच. नोंदणी शर्यतीच्या कितीतरी आधी बंद होते, आणि डिसेंबरात अंगात आलेल्या उत्साहाला तिथे कुणी विचारत नाही.

माझी नोंदणी झाली आहे, अर्ध मॅरेथॉनची, २१.०९७ किलोमीटर. गेल्या रविवारी वहीच्या मागच्या पानावर सात गोष्टी होत्या. सहा खोडल्या. उरली ती एक: पेडर रोडच्या चढासाठी गुरुवारी मलबार हिलच्या रस्त्यावर जायचं, दोनदा वर आणि दोनदा खाली. बूट तेच.