कुत्र्याला परदेशी नेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी मुलांकडे जर्मनीला निघाली की आधी स्वतःचं तिकीट काढतात आणि मग कुत्र्याच्या कागदांना लागतात. तिकीट शेवटी काढा. रेबीजबाबत सोपे नियम असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, त्यामुळे निदान साडेचार महिने हाताशी हवेत.

सगळ्यात महागात पडते ती क्रमाची चूक. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखनंबराची चिप), मग रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं. चिपच्या आधीची लस धरतच नाहीत, मग कार्डावर कितीही शिक्के असोत. चिप १५ अंकी, आयएसओ ११७८४/११७८५ प्रकारची घ्या आणि लस, रक्त, दाखला या प्रत्येक वेळी स्कॅन करून नंबर जुळवा. एक अंक चुकला तरी रिपोर्ट तुमच्या कुत्र्याचा ठरत नाही.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी टायटर टेस्टचं, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते बघणाऱ्या तपासणीचं, रक्त घ्यायचं. निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हवा आणि लॅब संघाच्या मान्यताप्राप्त यादीतली हवी. त्यानंतर प्रवासाआधी तीन महिने थांबावं लागतं; ते रक्त घेतल्या तारखेपासून मोजतात, रिपोर्टच्या नव्हे. इथून नमुना लांब जातो, म्हणून रक्त तसंच कुरिअरला देऊ नका. सीरम (रक्तपेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) वेगळं काढून थंड पाठवा. रक्तपेशी फुटलेला लालसर नमुना लॅब नाकारू शकते. बूस्टरची तारीख एका दिवसानेही हुकली की टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.

लसीचं कार्ड कन्नडमध्ये असेल तर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. मात्र गावातल्या डॉक्टरांच्या फिटनेस दाखल्यावर भागत नाही. संघाच्या नमुन्यातला दाखला सरकारी ॲनिमल क्वारंटाईन कार्यालयाकडून घ्यावा लागतो. आपल्याला मुंबई किंवा बेंगळूर सोयीचं. सहीपासून १० दिवसांत युरोपात पोचायचं, म्हणून विमानही शक्यतो त्याच शहरातून धरा.

सहाय्यक कुत्र्याला, म्हणजे अंध किंवा अपंग माणसाच्या मदतीला शिकवलेल्या कुत्र्याला, यातलं काहीच माफ नाही. सवलत मिळते ती केबिनमध्ये सोबत बसण्याची. ब्रिटनला बाकीचे कुत्रे कार्गोनेच जातात. तिथे सहाय्यक म्हणून मान्यता हवी तर प्रशिक्षण इंटरनॅशनल गाईड डॉग फेडरेशन किंवा असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलच्या सदस्य संस्थेचं लागतं; नुसतं अंगात जॅकेट घालून काम होत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये पोचण्याआधी २४ ते १२० तासांत डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन वेळेसह नोंद करायची.

मुधोळ हाउंड असेल तर पिंजरा वजनावरून घेऊ नका. उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच असेल ते, छताला लागता कामा नये.

कुत्रा परत आणायचा तर क्वारंटाईन कार्यालयाची ना-हरकत तिकडून निघण्याआधीच हातात हवी.