गुलाबजल जळकट का आलं?

पहिल्या खेपेचं गुलाबजल जळकट, तेही जेमतेम अर्धी वाटी. दोष दोन: पाकळ्या पातेल्याच्या तळाला टेकून करपल्या आणि सपाट झाकणावरचे थेंब वाटीत न पडता कडेने परत खाली गेले.

उपाय मोदकपात्राचा. तळाशी 1 लिटर पाणी, पण चाळणीच्या खालीच. चाळणीवर मधोमध स्टीलची वाटी, भोवती 200 ग्रॅम गावठी गुलाबाच्या पाकळ्या. (फुलवाल्याचे डच गुलाब नकोत, वास नाही, वर फवारणी.) घुमटाकार झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे मूठ वाटीवर येते आणि थेंब तिथूनच गळतो. झाकणात बर्फ, वितळला की पाणी काढून नवा. आच मंद. 300 मिली जमलं की गॅस बंद, पुढचं पाणी फिकंच निघतं.